देगवाल्या चाचांची चरबी

जेवणाची तारीफ केली की चाचा म्हणत, "बकरं चांगलं व्हतं." बकरं नसलेल्या पंगतीत हेच वाक्य "वांगी चांगली व्हती" असं व्हायचं. भात मोकळा झाला तर तांदूळ जुना असायचा आणि डाळ जमली तर विहिरीचं पाणी गोड असायचं. लोहारा आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत त्यांच्या हातचं खाऊन बोटं न चाटलेला माणूस सापडणं कठीण होतं. पण त्या चवीत आपलाही थोडाफार हात आहे, एवढं त्यांच्या तोंडून कबूल करून घेणं फौजदारालासुद्धा जमलं नसतं.

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. घरात दोन मोठ्या तांब्याच्या देगी होत्या, आजोबांच्या वेळच्या, दरवर्षी कल्हई करून लख्ख ठेवलेल्या. एकेका देगीत शे-दीडशे माणसांचं शिजायचं. त्यावरून ते देगवाले चाचा. उंच, आडव्या बांध्याचे, पिकलेल्या दाढीचे, आणि खांद्यावर कायम एक चौकड्याचा रुमाल. लग्न असो, उरूस असो, की कंदुरी असो, बैलगाडीत देगी घालून चाचा आदल्या दिवशीच हजर. कंदुरी म्हणजे पिराला बोललेलं बकरं कापून घातलेलं गावजेवण. नवस बहुतेक वेळा एखाद्या पाटलाचा असायचा, पीर मुसलमानांचा आणि जेवणारं सगळं गाव. त्या पंगतीत चाचा कधी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. "आधी पाव्हणा, मंग फकीर, मंग देग घासायची, मंग आपण," हा त्यांचा क्रम होता आणि तो त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही मोडला नव्हता.

चव बघायची त्यांची रीत मी आणखी कुणाकडे पाहिली नाही. देगीतून पळी वर काढायची, तिच्यातला एक थेंब डाव्या हाताच्या पालथ्या पंजावर घ्यायचा आणि हात उजेडाकडे तिरका करायचा. थेंब कसा ओघळतो, त्याच्या कडेला तेल कसं सुटतं, हे डोळे बारीक करून पाहायचं. जिभेला लावायचं ते सगळ्यांत शेवटी. आमच्या भागात रश्श्यावर बोटभर लाल तर्री नसेल तर पाहुणे ताटावरून उठता उठता यजमानाच्या सात पिढ्यांचा कंजूसपणा काढतात. त्यामुळे चाचा बकऱ्याची चरबी आधी वितळवून घेत, तीत कांदा लाल करत आणि वर वनस्पती तुपाचा डबा सोडत. "तर्री बोलती डाक्टरसाब, मीठ गप ऱ्हातं," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. अशा किती थेंबांची चव त्यांनी चाळीस वर्षांत घेतली असेल, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी लोहाऱ्याला गेलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन बारा-चौदा वर्षं झाली होती. तरी लोक तहसील कचेरीच्या कामाला 'सरकारी मामला' म्हणत आणि औषधाला 'दवा'. मी पुण्यात शिकलेला, नवाकोरा डॉक्टर. डोक्यात पुस्तकं ताजी आणि जीभ जरा सैल. गुरुलिंगप्पा नावाच्या किराणा दुकानदारांनी त्यांच्या घराची पुढची खोली आणि ओसरी मला दवाखान्यासाठी दिली होती. घरात कानडी बोलणारे आणि दुकानात मराठी बोलणारे हे आप्पा मला भाड्यापेक्षा सल्लेच जास्त देत. खोलीला दार होतं, पण लाकूड फुगून ते लागत नसे, म्हणून आम्ही पडदा लावला होता. आत बोललेलं ओसरीवरच्या माणसांना ऐकू जातं, हे आप्पांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

चाचा माझ्याकडे आले ते छातीच्या दुखण्यासाठी. देग उतरवताना छातीवर कुणीतरी दुसरी देग ठेवल्यासारखं होतं, बसलं की जातं, असं त्यांनी सांगितलं. मी तपासायला जवळ गेलो आणि त्यांच्या पापण्यांकडे माझं लक्ष गेलं. नाकाच्या बाजूला, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत, पिवळट, किंचित उंच असे डाग होते. वाढलेल्या कोलेस्टेरॉलचं पुस्तकातलं चित्र समोर येऊन बसलं म्हणून मला झालेला आनंद आज आठवला की माझी मलाच लाज वाटते. मी त्यांचं रक्त काढलं, नळी कापसात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरच्या हाती सोलापूरला माझ्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवली. चार दिवसांनी कागद आला. कोलेस्टेरॉल माझ्या अपेक्षेपेक्षाही जास्त होतं.

त्या दिवशी लोहाऱ्याचा बाजार होता आणि ओसरी माणसांनी भरलेली होती. चाचा पडद्याआड माझ्यासमोर स्टुलावर बसले. भट्टीपुढं आयुष्य काढून त्यांना थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं.

"चाचा, तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय," मी म्हणालो.

"काय वाडलं?"

"कोलेस्टेरॉल."

त्यांनी कान पुढे केला. मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांना तो शब्द काही केल्या पकडता येईना आणि मला त्याचा मराठी प्रतिशब्द आठवेना. कारण तो मला कुणी शिकवलाच नव्हता. मग मला वाटलं की सापडला, आणि मी तो खणखणीत आवाजात उच्चारला.

"चरबी! चाचा, तुमच्या रक्तात चरबी झालीये. लई चढलीये!"

ओसरीवरची सगळी कुजबुज एकदम थांबली. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं, "बरं," म्हणाले आणि उठून गेले. औषधाची चिठ्ठी माझ्या हातातच राहिली. मला वाटलं, बिचारे घाबरले असावेत.

दुपारी आप्पा आत आले आणि स्टुलावर बसून राहिले. बराच वेळ सुपारी कातरल्यावर म्हणाले, "डॉक्टर, तुमी पुण्यात कुठल्या भाषेत शिकला?"

"का?"

"चारचौघात त्या मानसाला माजलाय म्हणलात की. चरबी चढली म्हंजी आमच्याकडं काय म्हणत्यात, तुमच्याकडं येगळं म्हणत्यात का?"

वेगळं कशाला म्हणतील? लहानपणी मी उलटं बोललो की माझी आई हेच म्हणायची. पण आईचा शब्द आणि डॉक्टरीचा शब्द डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत पडले होते आणि माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळपर्यंत बाजाराला आलेल्या गाड्यांबरोबर ती गोष्ट सगळीकडे पोचली. देगवाल्याला चरबी चढली, डाक्टरनं रगत तपासून सांगितलं, सोलापूरचा कागद हाय. ज्या माणसानं जन्मभर बकऱ्याला आणि वांग्यांना मान दिला, त्याच्याबद्दल हे. लोक तरी काय, साध्या माणसाचं काही वाकडं निघालं की त्यांना जेवण गोड लागतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते. चाचींनी मला चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ही चरबी म्हणजे ती नव्हे, ही खरीखुरी चरबी, तुपासारखी, रक्तवाहिन्यांच्या आत बसते, रस्ता अरुंद करते, म्हणून छातीत दुखतं. माझ्या मते मी फार सोपं बोललो. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती वर्सं झाली आसतील?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"चरबी चढून."

"ते असं सांगता येत नाही. बरीच वर्षं."

"सात वर्सं?"

मला तिथून उठायची घाई झाली होती. सातच का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी म्हणालो, "असेल. सात असतील."

"मंग बराबर हाय," चाचा म्हणाले. "तुमी खरं बोललात डाक्टरसाब. राग न्हाई माजा. दवा सांगा."

त्यांनी आधीचं समजावणं सगळं सोडून दिलं आणि माझं तेवढं 'असेल' धरून ठेवलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या वेळी मी सुटकेचा श्वास टाकून औषध सांगायला लागलो.

औषधं तेव्हा फारशी नव्हतीच. आज माझे पुतणे, भाचे एक लहानशी गोळी खातात आणि वर बटाटेवडा खातात. तेव्हा छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक गोळी होती आणि कोलेस्टेरॉल उतरवायला निकोटिनिक ॲसिडच्या गोळ्या होत्या, त्याही दिवसातून तीनदा, पुष्कळ. त्या घेतल्या की थोड्या वेळानं तोंड लालबुंद व्हायचं, कानशिलं तापायची, अंगाला खाज सुटायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं की दहातले आठ रोगी पहिल्याच आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर फेकतात. चाचांनी एकही चुकवली नाही. पंधरा दिवसांनी त्यांना विचारलं, "त्रास होतो का?" तर म्हणाले, "व्हतो की. आग व्हती अंगाची. आतली जळाया लागली म्हंजी आग व्हनारच." मला वाटलं, काय समजूतदार रोगी मिळालाय.

तेलाच्या बाबतीत मात्र त्यांनी माझी चांगलीच जिरवली. तूप, वनस्पती, चरबी, भेजा, कलेजी, अंडी सगळं बंद, असं मी सांगितलं होतं आणि स्वयंपाकाला एक खास विलायती तेल वापरायचं ठरवलं होतं. 'सॅफ्लॉवर' नावाचं ते तेल अमेरिकेत हृदयरोग्यांना देतात, असं मी एका मासिकात वाचलं होतं. सोलापूरच्या औषधवाल्याला सांगून मुंबईहून एक बाटली मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. चाचा आले तेव्हा मी ती मोठ्या दिमाखात त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बूच काढलं, एक थेंब पालथ्या हातावर घेतला, उजेडात तिरका केला आणि जिभेला लावला.

"डाक्टरसाब," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, मला ओशाळं वाटू नये म्हणून, "हे करडीचं तेल हाय."

मी बाटलीवरचं इंग्रजी पुन्हा वाचलं. आप्पांनी दुकानातून करडईचं तेल आणलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि हसत हसत खाली बसले. आमच्या भागात ज्वारीच्या प्रत्येक शेताच्या कडेनं काटेरी करडई उभी असते. गुरं आत शिरू नयेत म्हणून तिचे पाटे, म्हणजे काठाच्या ओळी, पेरतात. तिचं तेल गावच्या घाण्यावर निघतं आणि गरिबाच्या घरात तेच खातात. चांगल्या पंगतीत ते वापरणं म्हणजे यजमानाची इभ्रत गेली. एवढ्या लांबून मी मागवलेलं औषध चाचींच्या चुलीमागे मडक्यात भरलेलं होतं. ती बाटली मी पुढे कितीतरी वर्षं टेबलावर ठेवली होती, मला स्वतःला बघायला.

राहिलं चालणं. छातीत दुखणाऱ्याला त्या काळी बरेच डॉक्टर झोपवूनच ठेवत, पण सोलापूरच्या डॉक्टरांचं मत होतं की हळूहळू चालवावं. मी चाचांना सांगितलं, रोज पायी जायचं, आज थोडं, उद्या त्याच्यापुढं थोडं, दुखलं की थांबायचं, गोळी जिभेखाली ठेवायची आणि माघारी फिरायचं. सगळं मिळून दोन मैलांच्या वर नाही. "पायीच जायाचं?" त्यांनी विचारलं. "पायीच," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी चाचा माकणीच्या रस्त्यानं जाताना दिसू लागले. पहिल्या दिवशी वेशीपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग पाटलाच्या विहिरीपर्यंत. मी त्या रस्त्यानं जाणाऱ्या रोग्यांकडे चौकशी करत असे आणि त्यांची प्रगती वहीत लिहून ठेवत असे. विहिरीच्या पुढं गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांना रागावलो. ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढं गेले. अंग उतरलं होतं, चेहरा तजेलदार दिसत होता, छातीचं दुखणंही कमी झालं होतं, म्हणून मी फार ताणलं नाही.

असे चार-पाच महिने गेले. माघ-फाल्गुनातली एक सकाळ. ज्वारी काढणीला आली होती. दहाच्या सुमाराला चाची दवाखान्यात आल्या. त्या कधी घराबाहेर पडत नसत. "पहाटं फजरच्या नमाजानंतर गेल्यात. अजून आले न्हाईत," एवढंच बोलल्या आणि पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. जिभेखालच्या गोळ्यांची डबी घरीच राहिली होती, ती त्यांच्या मुठीत होती.

मी ओसरीवरच्या रोग्यांना तसंच सोडलं, आप्पांची सायकल घेतली आणि माकणीच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक झाडाखाली मला ते पडलेले दिसत होते. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, पुढं गेले. पाटलाच्या विहिरीवर मोट हाकणारा म्हातारा म्हणाला, "रोज हितं बसत्यात घटकाभर, माकनीच्या बाजूला बघत, मंग कदी माघारी जात्यात, कदी फुडं. आज बसलेच न्हाईत." त्याच्या पुढच्या वस्तीवर एक बाई म्हणाली, "आमच्या दारातनं धा-बारा येळा माघारी फिरल्यात ते. म्या इचारलं, कुठं जायाचंय चाचा? तर म्हनले, माकनीला, धाकट्याकडं, पर पाय उचलंना."

मी सायकलवरून उतरलो. चाचांना धाकटा भाऊ आहे, हे मला त्या बाईकडून पहिल्यांदा कळलं. बाकीचंही तिनंच सांगितलं, कारण ते सगळ्या शिवाराला माहीत होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. धाकट्याचं नाव रज्जाक. चाचांच्या हाताखालीच तो शिकला. एका कंदुरीत त्याच्या देगीला खाली आच लागली, रस्सा करपला. चाचांनी भरल्या पंगतीसमोर त्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाले, "तेरे हात कू चव नै. देग कू हात नक्को लगा." रज्जाक तिथून जो उठला तो बायकोच्या माहेरी माकणीला गेला. दुसऱ्याचं शेत बटाईनं करू लागला. पुन्हा कधी त्यानं देगीखाली जाळ घातला नाही आणि भावाचं तोंड पाहिलं नाही. "किती वर्षं झाली?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. बाई म्हणाली, "सात झाली आसतील की."

पुढचे दोन-अडीच मैल मी कसे गेलो ते सांगता येत नाही. मी त्या माणसाला छातीचं औषध म्हणून पायी पिटाळलं होतं आणि तो रोज स्वतःचा माज उतरवायला निघत होता. रोज त्याचं धाडस थोडं कमी पडत होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघत होता. माझ्या वहीत त्याची मैलांत नोंद होती. आता जर तो वाटेत कुठं पडला असेल, तर त्याला मारणारा मीच, माझ्या त्या 'असेल'नं.

माकणीत घर विचारायची गरज पडली नाही. एका घरापुढं माणसं जमली होती. मी सायकल तिथंच टाकली. आत गेलो तर अंगणात दोन माणसं समोरासमोर उकिडवी बसली होती. एक चाचा. दुसरा तसाच रुंद, तसाच उंच, दाढी अजून काळी. मध्ये पाण्याचा तांब्या. कुडाजवळ उभी असलेली रज्जाकची बायको मला म्हणाली, "दोन घंटे झाले, आसंच बसल्यात."

मी चाचांच्या मनगटाला हात लावला. नाडी ठीक होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी आल्याचं त्यांना काही नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. मग ते भावाकडे वळले आणि बोलायला लागले. सबंध वाटभर, पाच महिने घोकलेलं असणार ते.

"डाक्टर बोले, घी नक्को, चरबी नक्को, गोश्त नक्को. करडी का तेल और ज्वारी. चार महिने से पका रा मैं. मेरे हात कू चव नै आती रे. चरबी थी तो चव थी, मेरी कुछ नै थी." ते थांबले. "तू पका के देख. तेरे कू जमता."

रज्जाकनं तांब्या उचलून भावापुढं सरकवला. मग उठला, घरात गेला आणि चुलीचा आवाज यायला लागला. थोड्या वेळानं त्यानं बाहेर एक वाडगं आणून भावापुढं ठेवलं. करडईच्या तेलात परतलेला पालेभाजीचा गरगटा होता, लसणाचा, वर हिरवी मिरची. तर्रीचं नाव नव्हतं. चाचांनी सवयीनं थेंब पालथ्या हातावर घेतला, पण तो उजेडाकडे धरला नाही. तसाच तोंडाला लावला आणि भाकरी मोडून खायला लागले. त्यांच्या दाढीवरून पाणी वाहत होतं. मला रज्जाकनं दुसऱ्या वाडग्यात वाढलं. खरं सांगतो, मी आयुष्यात तसा गरगटा पुन्हा खाल्ला नाही.

त्यानंतर रज्जाक लोहाऱ्याला परत आला. दोन देगी दोघं भाऊ सांभाळू लागले. चाचा फक्त जाळ बघत आणि रज्जाकला देगीला हात लावायला सांगत. पंगतीतले लोक पहिल्या वर्षी कुरकुरले की तर्री पातळ झाली, मग सवयीचे झाले. सोलापूरहून आलेला पुढचा कागद पाहून तिथले मोठे डॉक्टर माझ्यावर खूश झाले. कोलेस्टेरॉल पुष्कळ उतरलं होतं. रोग्याला पथ्य पाळायला कसं लावलंस, असं त्यांनी मला पत्रात विचारलं. मी त्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं नाही.

दोन वर्षांनी मी लोहारा सोडून सोलापूरला जायचं ठरवलं. निरोप घ्यायला चाचांकडे गेलो तेव्हा मनात खुपत होतं ते सांगून टाकलं. म्हणालो, "चाचा, तुमच्या रक्तात होती ती नुसती चरबी होती. माजाची नव्हे. तुमच्याइतका साधा माणूस मी पाहिला नाही. आणि ती सात वर्षांची होती हे मी असंच ठोकून दिलं होतं. मला काही माहीत नव्हतं. मी चुकीचं बोललो."

चाचा हसले. "तुमी चुकीचं बोलला आसाल, डाक्टरसाब," ते म्हणाले. "म्या चुकीचं ऐकलं न्हाई."

त्यांनी मला एसटीपर्यंत पोचवलं. पायीच. गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभे होते आणि सोलापुरात चांगलं पाणी मिळतं का, याची चौकशी करत होते.

चाचा आणखी चार वर्षं जगले. एका थंडीत, झोपेतच गेले. मला पत्र कुणी पाठवलं नाही. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर रज्जाक स्वतः सोलापूरला आला. माझ्या दवाखान्यात तेव्हा चांगली गर्दी असे आणि दारं नीट लागत. तो बराच वेळ बाहेर बसून होता. आत आल्यावर त्यानं भाऊ गेल्याचं सांगितलं. मी त्याला स्टुलावर बसवलं.

मग रज्जाकनं सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि हात माझ्या टेबलावर उताणा ठेवला.

"माजं बी रगत बघा, डाक्टरसाब," तो म्हणाला. "मोठा आसून त्यो चालत आला. म्या सात वर्सं दारात बसून व्हतो, म्या न्हाई गेलो. म्हंजी माज्यात त्याच्याहून जास्तीच आसनार."

मी सुई हातात घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला कितीतरी वेळ त्याची शीर दिसेना. तो हात तसाच ठेवून बसला होता.